लक्षद्वीपचा भूगोल आणि विकासाचा हिशेब

भारताच्या नकाशात केरळच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला समुद्रात काही ठिपके दाखविलेले असतात. शाळकरी विद्यार्थी त्यांचे नाव पाठ करतो, 'मुख्यालय कवरत्ती' एवढे लिहितो आणि पुढील प्रश्नाकडे वळतो. मोठ्यांचे ज्ञानही बहुधा याच्या फारसे पुढे जात नाही. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिल्यानंतर या ठिपक्यांविषयी एकाएकी कुतूहल निर्माण झाले. निळेशार पाणी, पांढरी वाळू आणि नारळाची बने यांची छायाचित्रे घरोघर पोहोचली आणि 'मालदीवला जाण्यापेक्षा लक्षद्वीपला का जाऊ नये?' असा प्रश्न विचारला जाऊ लागला. प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र त्याचे उत्तर देशाभिमानात किंवा विमानाच्या वेळापत्रकात शोधण्यापूर्वी ते त्या बेटांच्या भूगोलात शोधावयास हवे.

लक्षद्वीप हा क्षेत्रफळाने आपला सर्वांत लहान केंद्रशासित प्रदेश. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो स्थापन झाला आणि १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यास आजचे नाव मिळाले. पारंपरिक गणनेप्रमाणे त्यात ३६ बेटे असून त्या सर्वांचे मिळून भूक्षेत्र अवघे ३२ चौरस किलोमीटर आहे. सगळी बेटे उचलून एकाशेजारी एक मांडली, तर आठ किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद एवढाच जमिनीचा तुकडा तयार होईल. यांपैकी वस्ती आहे ती अगत्ती, अमिनी, आंद्रोत, बित्रा, चेतलत, कदमत, कल्पेनी, कवरत्ती, किल्तान आणि मिनिकॉय या दहा बेटांवर. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ६४,४७३ होती. म्हणजे दर चौरस किलोमीटरला दोन हजारांहून अधिक माणसे.

हिशेबाची दुसरी बाजू अशी की, या चिमुकल्या भूमीभोवती सरकारी नोंदींनुसार सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरचे खारकच्छ, २०,००० चौरस किलोमीटरचा प्रादेशिक समुद्र आणि सुमारे ४ लाख चौरस किलोमीटरचे अनन्य आर्थिक क्षेत्र आहे. हे क्षेत्र सबंध महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाहून मोठे भरते. जमीन नगण्य आणि समुद्र अफाट अशी ही विषम जोडी आहे. नियोजनकाराचे लक्ष साहजिकच अफाट आकड्याकडे वेधले जाते. वस्तुतः लक्षद्वीपचे भवितव्य ठरविणारा आकडा याहून फार लहान आहे आणि तो जमिनीखाली दडलेला आहे.

ज्वालामुखीच्या पाठीवर प्रवाळाची वस्ती

ही बेटे कशी निर्माण झाली, हे समजून घेतल्याशिवाय त्यांची मर्यादा कळणार नाही. येथे महाराष्ट्राशी एक दूरचे नाते निघते. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हारसातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी घडला, त्याचा उगम पृथ्वीच्या पोटातील एका तप्त स्थानात होता, असे अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचे भूपट्ट या स्थानावरून उत्तरेकडे सरकत गेले आणि त्याचा माग म्हणून समुद्रतळावर लक्षद्वीपपासून मालदीवमार्गे चागोसपर्यंत एक लांबलचक पर्वतरांग उरली. ते तप्त स्थान आज रियुनियन बेटाखाली आहे. सह्याद्री आणि लक्षद्वीपचा पाया ही या दृष्टीने एकाच घराण्यातील भावंडे ठरतात.

तथापि या पायावर दिसणारे बेट मात्र दगडाचे नाही. चार्ल्स डार्विन याने १८४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रवाळद्वीपांची उपपत्ती मांडली. समुद्रातील ज्वालामुखी हळूहळू खचत जातो. त्याच्या कडेने वाढणारे प्रवाळ जीव सूर्यप्रकाशासाठी वरवर वाढत राहतात. अखेरीस डोंगर पाण्याखाली नाहीसा होतो आणि प्रवाळांचे कंकण तेवढे शिल्लक राहते. कंकणाच्या आतील उथळ, शांत पाणी म्हणजे खारकच्छ. लाटांनी फोडलेले प्रवाळ, शंखशिंपल्यांचा चुरा आणि प्रवाळ कुरतडणाऱ्या माशांनी टाकलेली बारीक वाळू या कंकणाच्या एखाद्या बाजूस साचत जाते. त्या साचलेल्या ढिगालाच माणूस बेट म्हणतो. लक्षद्वीपमध्ये बहुतेक बेटे कंकणाच्या पूर्व कडेवर आहेत आणि खारकच्छ पश्चिमेला आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा त्यामुळे प्रथम प्रवाळभिंतीवर आदळतात आणि त्यांचा जोर ओसरल्यावरच किनाऱ्यास लागतात. आंद्रोत हे क्षेत्रफळाने सर्वांत मोठे बेट पूर्व-पश्चिम पसरलेले असून त्याला खारकच्छ नाही, हा अपवाद.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, या बेटांना डोंगर नाही, नदी नाही, ओढा नाही, धरणाजोगी दरी नाही. बहुतेक भूमी समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच आहे. दुसरी अधिक महत्त्वाची. ही भूमी स्थिर नसून सतत घडत असते. प्रवाळ जिवंत आहे तोवर नवी वाळू मिळते आणि तटबंदी टिकते. प्रवाळ मेले की तटबंदीची डागडुजी थांबते आणि झीज तेवढी चालू राहते. बंगारम बेटसमूहातील परळी-१ हे निर्जन बेट १९६८ मध्ये सुमारे ०.०३२ चौरस किलोमीटरचे होते. २०१३ पर्यंत ते समुद्राने संपूर्ण गिळले, हे २०१७ साली उजेडात आलेल्या संशोधनाने दाखवून दिले. तीन हेक्टरांचे बेट गेले म्हणून कोणाचे काय बिघडले, असे म्हणता येईल. पण ज्या प्रदेशाची एकूण भूमीच ३२ चौरस किलोमीटर आहे, तेथे तीन हेक्टरांचा लोप ही सूचना मानावयास हवी.

गोड्या पाण्याचे भिंग

लक्षद्वीपवर वर्षाकाठी सुमारे १,६०० मिलिमीटर पाऊस पडतो. कागदावर गुणाकार केला, तर हे पाणी दरमाणशी दररोज दोन हजार लिटरांहून अधिक भरते आणि पाण्याची ददात असण्याचे कारणच दिसत नाही. पण वाळू आणि प्रवाळ यांची भूमी चाळणीसारखी असते. पडलेल्या पावसातील बराच भाग माडांची मुळे शोषून घेतात, काही उन्हाने उडून जातो, आणि जो मुरतो त्यातलाही मोठा वाटा भरती-ओहोटीच्या हेलकाव्यांबरोबर समुद्रात झिरपतो. उरलेले थोडे पाणी बेटाच्या पोटात खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोडे पाणी हलके आणि खारे जड, म्हणून हा तरंग शक्य होतो. मध्यभागी जाड आणि कडांना पातळ असलेला हा थर भिंगाच्या आकाराचा असतो. बेटावरील प्रत्येक विहीर याच भिंगाला लागलेली आहे. म्हणून भरतीबरोबर विहिरीचे पाणी चढते आणि ओहोटीबरोबर उतरते.

या भिंगाचा नियम बाडोन घायबेन याने १८८८ मध्ये आणि हर्त्झबर्ग याने १९०१ मध्ये स्वतंत्रपणे मांडला. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून जितकी उंच, त्याच्या सुमारे चाळीसपट खोल गोड्या पाण्याचा थर, असे त्याचे सार आहे. प्रत्यक्षात सच्छिद्र प्रवाळभूमीत खारे आणि गोडे पाणी मिसळत राहते आणि वापरण्याजोगा थर या गणिताहून बराच पातळ असतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या नियमाची उलट बाजू ध्यानात घ्यावी. उपशामुळे वरची पातळी दहा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धी वीत, खाली गेली, तर सिद्धान्ताप्रमाणे तळाचे खारे पाणी कालांतराने सुमारे चार मीटर वर चढते. एका बाजूस किंचित खर्च आणि दुसऱ्या बाजूस चाळीसपट तोटा, असा हा विलक्षण व्यवहार आहे. हाताने पोहऱ्याने पाणी शेंदणाऱ्या पिढ्यांना हा तोटा भोगावा लागला नाही. कारण पोहऱ्याने वरचे पाणी थोडे थोडे निघते. विजेचा पंप मात्र एका जागी, एका वेळी, जोराने पाणी खेचतो आणि खाली दडलेले खारे पाणी शंकूसारखे वर उसळते. कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांच्या विहिरी मचूळ झाल्या आहेत, त्यांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको. फरक एवढाच की, कोकणच्या माणसाला मागे डोंगर आहे. लक्षद्वीपच्या माणसाच्या मागेही समुद्रच आहे.

दुसरे संकट याहून घरगुती आहे. मैलापाण्याच्या टाक्या त्याच वाळूत, त्याच विहिरीपासून काही पावलांवर असतात. वाळूतून सांडपाणी सहज पाझरते आणि विहिरीचे पाणी दूषित होते. दाट वस्तीच्या बेटावर जागाच एवढी अपुरी की, विहीर आणि टाकी यांत सुरक्षित अंतर राखणे अनेक घरांना शक्यच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण येथे निव्वळ म्हण राहत नाही.

यंत्राचे पाणी आणि त्याची किंमत

पाण्याच्या या टंचाईवर विज्ञानाने एक स्तुत्य तोड काढली आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करण्याचे संयंत्र उभारले. वरच्या थरातील कोमट पाण्याची निर्वात पात्रात वाफ करावयाची आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून ओढलेल्या थंड पाण्याने ती वाफ पुन्हा द्रवरूप करावयाची, असे त्याचे तत्त्व आहे. प्रवाळद्वीपाचा उतार किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल जातो, म्हणून हे येथे साधते. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्ती येथे अशीच संयंत्रे सुरू झाली. कदमतच्या दररोज दीड लाख लिटर क्षमतेच्या संयंत्राचे उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झाले.

ही कामगिरी गौरवास्पद खरीच. परंतु आकड्यांचे प्रमाण तपासून पाहणेही अगत्याचे आहे. कवरत्तीच्या मूळ संयंत्राची क्षमता दररोज एक लाख लिटर होती आणि २०११ मध्ये या बेटाची लोकसंख्या ११,२२१ होती. भागाकार केला असता माणशी नऊ लिटरही पाणी येत नाही. पिण्यास आणि स्वयंपाकास ते पुरते. आंघोळ, धुणीभांडी आणि शौच यांसाठी विहिरीचाच आधार राहतो. आपल्या शहरांतील पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने दीड लाख लिटरांचे संयंत्र जेमतेम अकराशे माणसांची गरज भागवील. शिवाय पंप चालवावयास वीज लागते, ती मुख्यतः डिझेलपासून निर्माण होत आली आहे आणि ते डिझेल २२० ते ४४० किलोमीटरवरील कोचीहून जहाजाने आणावे लागते. पावसाळ्यात समुद्र खवळला की ही वाहतूकही अडखळते. कवरत्तीला संचायकासह सौरऊर्जा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला, ही योग्य दिशेने पडलेली पावले होत. पण सौर पट्टिकांनाही जमीन लागते, आणि जमीन हीच येथे सर्वांत दुर्मिळ वस्तू.

मुद्दल आणि व्याज

बेटवासीयांची उपजीविका मुख्यत्वे दोन आधारांवर उभी आहे: माड आणि मासा. माडापासून खोबरे आणि काथ्या. समुद्रातून ट्यूना, म्हणजे कोकण किनाऱ्यावर जिला कुपा म्हणतात ती मासळी. हा मासा येथे जाळ्याने खरवडून काढण्याऐवजी काठी आणि गळ यांनी एकेक करून पकडण्याची जुनी पद्धत आहे. होडीतून जिवंत आमिषमासे पाण्यात फेकावयाचे, कुप्यांचा थवा गोळा झाला की गळ टाकून ते भराभर वर ओढावयाचे, असा हा उद्योग. मिनिकॉयमध्ये तो मासा उकडून, धुरावून, वाळवून टिकविण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

या साखळीचा पहिला दुवा कोणता, हे पाहण्यासारखे आहे. कुपा खोल समुद्रात सापडतो. पण त्याला भुलविणारे आमिषमासे खारकच्छात आणि प्रवाळांच्या आश्रयाने वाढतात. प्रवाळ सुस्थितीत असतील तर आमिष, आमिष असेल तर कुपा, आणि कुपा असेल तर घरात चूल. म्हणजेच चार लाख चौरस किलोमीटरच्या सागरी क्षेत्रातील संपत्ती ज्या किल्लीने आजवर उघडली, ती किल्ली किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात आहे.

ही किल्ली गंजत चालली आहे. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा फार काळ तापले की प्रवाळ आपल्या पेशींतील सूक्ष्म शैवाले बाहेर टाकतात, पांढरे पडतात आणि उष्णता ओसरली नाही तर मरतात. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी अशा मोठ्या आपत्ती येऊन गेल्या. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या सागरी उष्णलहरीनंतर २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा व्यापक विरंजन झाल्याचे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नोंदविले. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथील दीर्घकालीन पाहणीत १९९८ ते २०२२ या काळात जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळजवळ निम्म्यावर आले, असे दिसून आले. एका आघातातून सावरण्यास प्रवाळांना काही वर्षांची उसंत लागते. दोन आघातांमधील अंतरच कमी होत गेले, तर सावरणे शक्य होत नाही.

समुद्र तापण्यास लक्षद्वीपचा मच्छीमार जबाबदार नाही, आणि ते थांबविणे त्याच्या हातीही नाही. पण म्हणूनच जे हाती आहे ते अधिक काळजीने सांभाळले पाहिजे. खारकच्छात गाळ उपसणे, धक्क्यांसाठी प्रवाळ फोडणे, सांडपाणी सोडणे ही आजाऱ्याच्या अंगावर आणखी घाव घालण्यासारखी कृत्ये होत. हिशेबाच्या भाषेत बोलावयाचे तर प्रवाळ हे मुद्दल आहे. मासळी, वाळू, लाटांपासून संरक्षण आणि पर्यटकाला मोहविणारे निळे पाणी हे त्याचे व्याज. मुद्दल खाऊन वाढलेल्या उत्पन्नाला कोणताही जाणता कारकून नफा म्हणून खतावणार नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आपल्या रूढ गणनपद्धतीत मात्र हॉटेलचे भाडे जमेस धरले जाते आणि मेलेल्या प्रवाळांची घट कोठेच मांडली जात नाही.

शुक्रवारची आणि सोमवारची मालमत्ता

मर्यादित भूमीचे भान बेटवासीयांच्या समाजरचनेत फार पूर्वीपासून मुरलेले दिसते. मिनिकॉयखेरीज इतर बेटांवर मल्याळमची बोली प्रचलित आहे. मिनिकॉयची भाषा महल ही मालदीवच्या धिवेही भाषेचीच बहीण. बहुतेक रहिवासी मुसलमान असून ते अनुसूचित जमातींत मोडतात. तरीही कुटुंबपद्धती मातृवंशीय आहे. मल्याळमभाषी बेटांवर मालमत्तेचे दोन प्रकार ओळखले जातात. कुटुंबाची सामाईक, स्त्रियांच्या वंशाने चालत येणारी आणि सहसा न वाटली जाणारी, ती 'शुक्रवारची' मालमत्ता. आणि स्वकष्टार्जित, विकता-वाटता येण्याजोगी, ती 'सोमवारची'. पिढीगणिक तुकडे पडत गेले असते, तर एवढ्याशा भूमीत माडाचे एक झाडही कोणाच्या वाट्यास पुरते आले नसते. न वाटण्याची ही रीत भूगोलाशी सुसंगत होती, हे उघड आहे.

स्वातंत्र्योत्तर काळातील नियमांनीही हेच सूत्र पुढे नेले. बाहेरच्या व्यक्तीस प्रवेश आणि वास्तव्य यांसाठी परवाना लागतो, तो १९६७ च्या नियमांमुळे. हे निर्बंध अनेकांना जाचक वाटतात. स्वतंत्र देशात नागरिकाला एका भागातून दुसऱ्या भागात जाण्यास परवाना का लागावा, हा आक्षेप तत्त्वतः वजनदार आहे. परंतु ज्या भिंगावर चौसष्ट हजार माणसे अवलंबून आहेत, त्यावर आणखी किती जणांचा भार टाकावयाचा, हे कोणीतरी ठरविलेच पाहिजे. बाजारपेठ ते ठरवू शकत नाही. कारण विहिरीच्या पाण्यास किंमतीची पाटी नसते, आणि खारे झाल्यावर ती लावून उपयोग नसतो.

या बेटांच्या इतिहासात संकट आणि कर्ज यांनी सत्तांतर घडविल्याचे उदाहरणही आहे. १८४७ मध्ये एका भीषण वादळाने आंद्रोत आणि कल्पेनी उद्ध्वस्त झाली. कल्पेनीच्या काठावरील प्रवाळदगडांचा बांध त्याच वादळाने रचला, असे मानतात. या बेटांवर त्या वेळी कण्णूरच्या अरक्कल घराण्याची सत्ता होती. मदतकार्याच्या खर्चासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याकडून कर्ज घेतले गेले, व्याज चढत गेले, आणि फेड न झाल्याने १८५४ च्या सुमारास बेटे कंपनीच्या हवाली करावी लागली. एका वादळाने माड पाडले आणि कर्जाच्या रूपाने राज्यही नेले. ज्या प्रदेशाकडे राखीव साधने नसतात, तेथे एकच आघात पुरेसा होतो, हा त्याचा बोध.

मालदीवची तुलना कितपत खरी?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. मालदीवमध्ये जवळजवळ बाराशे बेटे आहेत. १९७२ पासून तेथे पर्यटन वाढले ते मुख्यतः निर्जन बेटांवर. एका बेटावर एकच हॉटेल, आणि लोकवस्ती दुसरीकडे, असा क्रम तेथे दीर्घकाळ चालला. २०२४ मध्ये तेथे वीस लाखांवर पर्यटक गेले. लक्षद्वीपमध्ये बेटेच छत्तीस, त्यांतील कित्येक केवळ वाळूचे पट्टे. जेथे जागा आहे तेथे वस्ती आहे, आणि जेथे वस्ती नाही तेथे पक्षी अंडी घालतात किंवा मच्छीमार हंगामी मुक्काम करतात. बाराशेंतून शंभर बेटे बाजूला काढणे आणि छत्तीसांतून तीन बाजूला काढणे, यांतील फरक टक्केवारीने कळणारा नाही. मालदीवने या भरभराटीची किंमतही मोजली आहे. राजधानी मालेजवळ थिलाफुशी येथे १९९२ पासून खारकच्छात कचरा टाकून टाकून एक नवीच भूमी तयार करावी लागली.

मालदीवकडून घेण्याजोगा एक धडा मात्र निश्चित आहे, आणि तो हॉटेलांचा नाही. तेथील काठी-गळाने पकडलेल्या कुप्याला २०१२ मध्ये टिकाऊ मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले आणि श्रीमंत देशांच्या बाजारात अशा मालाला मान आहे. लक्षद्वीपचा मच्छीमार नेमक्या याच पद्धतीने मासे पकडत आला आहे. शीतगृहे, जलद वाहतूक आणि प्रमाणीकरण यांची सोय झाली, तर तेवढ्याच माशाचे अधिक मोल येऊ शकेल. विहिरीतून एक थेंबही जादा न काढता.

याचा अर्थ पर्यटन नकोच, असा नव्हे. बेटांवरील साक्षरता २०११ मध्ये ९१ टक्क्यांहून अधिक होती; शिकलेल्या तरुणांना माडावर चढण्यापलीकडे काम हवे आहे. गंभीर आजाऱ्याला मुख्यभूमीवर हलवावे लागते. विमानतळ एकट्या अगत्तीला, तोही १९८८ पासून. जानेवारी २०२४ मध्ये कोचीपासून समुद्रतळावरून दूरसंचाराची तार पोहोचली, त्याचे स्वागत बेटांनी केले ते योग्यच होते. विकासाची भूक खरी आहे. वाद आहे तो मोजमापाचा. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती आर. व्ही. रवीन्द्रन समितीने विकासाची सांगड प्रत्येक बेटाच्या परिस्थितीशी घालणाऱ्या एकात्मिक आराखड्याचा पुरस्कार केला होता. २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाच्या नियमावलीचा मसुदा पुढे आला, तेव्हा जमिनीच्या संपादनाचे व्यापक अधिकार पाहून बेटांवर तीव्र विरोध झाला. जुलै २०२५ मध्ये बित्राची जमीन संरक्षणविषयक कारणांसाठी संपादित करण्याच्या दृष्टीने सामाजिक परिणामांच्या मूल्यांकनाची प्रक्रिया सुरू झाली. बित्रा हे वस्ती असलेले सर्वांत लहान बेट, क्षेत्रफळ एक दशांश चौरस किलोमीटर, लोकसंख्या २०११ मध्ये २७१. ज्यांना विधानसभा नाही आणि लोकसभेत ज्यांचा एकच प्रतिनिधी आहे, अशा लोकांच्या बाबतीत संमतीचा प्रश्न अधिकच नाजूक होतो.

येथे राष्ट्रहिताचा मुद्दा पुढे केला जातो, आणि तो टाळण्याचे कारण नाही. मिनिकॉयच्या उत्तरेकडील नऊ अंशांची खाडी हा जागतिक जहाजवाहतुकीचा मार्ग. म्हणूनच इंग्रजांनी १८८५ मध्ये मिनिकॉयला दीपगृह बांधले. पण समुद्री हक्कांच्या कायद्याचीही एक अट आहे. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ज्या खडकावर मानवी वस्ती किंवा स्वतःचे आर्थिक जीवन टिकू शकत नाही, त्याला अनन्य आर्थिक क्षेत्र मिळत नाही. म्हणजे ज्या चार लाख चौरस किलोमीटरचा आपल्याला अभिमान वाटतो, त्या हक्काचा नैतिक आणि व्यावहारिक आधार बेटावर राहणारी, तेथेच पोट भरणारी माणसे हा आहे. आणि त्या माणसांचा आधार वाळूखालील काही मीटर जाडीचा गोड्या पाण्याचा थर.

समुद्राची पातळी १९०१ ते २०१८ या काळात जगभर सरासरी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. शतकाच्या अखेरीपर्यंत ती आणखी २८ ते १०१ सेंटिमीटर वाढू शकते, असा आंतरशासकीय समितीचा २०२१ चा अंदाज आहे. एक-दोन मीटर उंचीच्या भूमीला यातील कोणता आकडा खरा ठरतो, हे क्षुल्लक नाही. किनाऱ्याला काँक्रीटचे ठोकळे रचून लाटा थोपवता येतील. खालून चढणारे खारे पाणी ठोकळ्यांनी अडत नाही.

म्हणून नियोजनाचा क्रम उलटा करण्याची आवश्यकता आहे. आज किती पर्यटक हवेत, किती खोल्या हव्यात, हे आधी ठरते आणि त्यांच्या पाण्याची तजवीज मागाहून शोधली जाते. त्याऐवजी प्रत्येक बेटाचा पाण्याचा ताळेबंद प्रथम मांडला जावा. किती मुरते, किती उपसले जाते, किती दूषित होते, याची नोंद दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. छपरावरील पावसाचे पाणी साठविणे, मैलापाण्यावर प्रक्रिया करणे आणि पंपांवर नियंत्रण ठेवणे या कामांना हॉटेलांच्या आधी पैसा मिळावा. खारकच्छातील कोणत्याही बांधकामाच्या खर्चात प्रवाळांच्या हानीची किंमत धरली जावी. या ताळेबंदात जेवढी शिल्लक दिसेल, तेवढ्यांचेच आतिथ्य करावे, आणि त्या आतिथ्याचा पहिला लाभ बेटवासीयांना मिळावा.

असा हिशेब मांडला तर विकासाचा आकडा कदाचित लहान निघेल. पण तो खरा असेल. लक्षद्वीपच्या बाबतीत एकदा चुकलेली बेरीज पुढच्या पंचवार्षिक आराखड्यात दुरुस्त करता येणार नाही. कारण तेथे चूक वहीवर राहत नाही, ती विहिरीत उतरते.